रविवारचा रस्ता

परवा कपाट आवरताना ‘फ्रूट्स’ नावाचे छायाचित्रांचे एक जुने पुस्तक हाती लागले. चौदा वर्षांची भाची शेजारी होती. चार पाने उलटून तिने विचारले, ‘‘मावशी, यांना घरी कुणी ओरडत नसे का?’’

प्रश्न रास्त होता. पानापानांवर टोकियोच्या हाराजुकू भागातली कोवळी पोरे-पोरी उभी होती. कुणी आजीच्या काळातला किमोनो विलायती बुटांवर चढवलेला, कुणाच्या केसांत मूठभर प्लास्टिकच्या क्लिपा, कुणी एकावर एक चार कपडे घातलेले. शोइची आओकी या छायाचित्रकाराने १९९७ साली या नावाचे मासिक सुरू केले. रस्त्यात भेटलेल्या मुलांना थांबवायचे, फोटो काढायचा आणि खाली वय, व्यवसाय व अंगावरची प्रत्येक वस्तू कुठून आली याची यादी द्यायची, एवढाच त्याचा खाक्या. मला फोटोंपेक्षा या याद्याच अधिक आवडतात. महागडी नावे त्यांत आहेतच, पण त्यांच्या मांडीला मांडी लावून ‘जुन्या कपड्यांच्या दुकानातून’ आणि ‘स्वतः शिवलेले’ हे शब्दही बसले आहेत.

ही हौस एका दिवसात उगवली नाही. १९७७ पासून हाराजुकूचा मोठा रस्ता रविवारी वाहनांना बंद असे. तिथे १९८०च्या सुमारास ‘ताकेनोको’ म्हणजे बांबूच्या कोंबांचे नाव मिरवणारी टोळकी घोळदार, भडक कपड्यांत टेपरेकॉर्डर लावून नाचत. आठवडाभर गणवेश, शिस्त आणि परीक्षा. रविवारी मात्र रस्ता आपला!

गणवेशातूनही पोरी वाट काढत. १९९०च्या दशकात शाळकरी मुली स्कर्ट कमरेपाशी गुंडाळून आखूड करीत आणि घराजवळ आल्या की पुन्हा खाली सोडीत. ढगळ पांढरे मोजे घसरू नयेत म्हणून पोटरीला खास गोंद लावीत. नवा स्कर्ट न घेता नवी फॅशन! आमच्या लहानपणी एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे कपडे बेतले जात. तेव्हा आपला फ्रॉक वेगळा दिसावा म्हणून आईच्या जुन्या साडीचा काठ मिळवण्यासाठी मी केलेली धडपड आठवली. टोकियो दूर असेल, ती धडपड दूरची नाही.

मग हे ओसरले कसे? आवाजाच्या आणि गर्दीच्या तक्रारींमुळे १९९८ साली रविवारचा तो मोकळा रस्ता बंद झाला. त्याच वर्षी ‘युनिक्लो’ने हाराजुकूत दुकान थाटले आणि १९०० येनचे लोकरीसारखे ऊबदार जाकीट घरोघरी पोचवले. २००८ साली ‘एच अँड एम’ आले, पुढच्या वर्षी ‘फॉरेव्हर २१’. चांगले दिसणे स्वस्त झाले, यात वाईट काय? काहीच नाही. गरिबाच्या मुलीला नवा कपडा मिळाला, तर त्यावर नाक मुरडण्याचा अधिकार मला नाही. पण तयार कपडा उसवायचे कारणच उरले नाही, की सुई हाती येत नाही. २०१७ साली आओकींनी मासिक बंद केले. फोटो काढावा अशी मुलेच आता दिसत नाहीत, असे त्यांनी सांगितले. तोवर २३३ अंक निघाले होते. आजही हाराजुकूत रंगीबेरंगी मुले दिसतात, नाही असे नाही. पण ती गर्दी, तो रविवार परतला नाही.

काटकसरीचे गोडवे गाण्याचा मला कंटाळा आहे. टंचाई काही सुखाची नसते. मला हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. त्या मुलांना चुकायला जागा होती. फसलेला प्रयोग संध्याकाळी पिशवीत भरून घरी नेता येई. माझी भाची कपडे मागवते, घालून फोटो काढते, मैत्रिणींना पाठवते आणि त्यांच्या होकाराची वाट बघते. होकार आला नाही, तर पार्सल परत. कपड्यांचा ढीग मोठा आहे, धीर मात्र तोकडा.

तिच्या प्रश्नाचे उत्तर मी दिले ते असे : ओरडत असणारच! आयांचा जात जपानमध्ये काही वेगळी नसते. पण शेजारी आपल्यासारखीच वेडी पन्नास पोरे उभी असली, की ओरडणे सोसता येते.

संध्याकाळी ती तिच्या बाबांचा जुना चौकड्यांचा शर्ट आणि कात्री घेऊन बसली. एक बाही वाकडी कापली गेली. ‘‘अगं, आधी खडूने आखून तरी घे!’’ हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. मोठ्या कष्टाने गिळले.

तो बंद झालेला रस्ता मी तिला आणून देऊ शकत नाही. निदान घरात एक वाकडी बाही खपवून घेऊ शकते.