काकणाला आरसा हवाच

प्रतिमा चांगली की वाईट हे ठरवायला शास्त्र कशाला, डोळे आहेत ना! हातच्या काकणाला आरसा कशाला, असा हा पूर्वपक्ष. मोबाइल विकणारे त्याच्यावर जगतात, आणि सीटी स्कॅनचं यंत्र घेणारी खरेदी समितीही नमुन्याच्या गुळगुळीत प्रतिमा पाहून मान डोलावते.

२०१३ साली जर्मनीत डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाने एक प्रकार उघडकीला आणला. झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर यंत्रावर एक बांधकाम-नकाशा स्कॅन केला होता. मूळ नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्या १४.१३! फाइल लहान व्हावी म्हणून यंत्र एकसारखे वाटणारे तुकडे एकदाच साठवून जागोजागी तेच डकवत होतं. आकडे सुबक, ठळक आणि खोटे. ते पुसट असते तर कुणीतरी मूळ कागद काढून पाहिला असता. (आपल्याकडे प्रतीचं नावच झेरॉक्स, आणि तिच्यावर ‘सत्यप्रत’ असा शिक्का मारून आपण मोकळे होतो.)

मग आकडेमोडवाले पुढे सरसावतात: डोळ्यांचं सोडा, मूळ आणि नव्या प्रतिमेतला फरक बिंदूबिंदूला मोजा आणि सरासरी काढा. पण बारीक तपशिलांनी भरलेली प्रतिमा एका बिंदूने उजवीकडे सरकवली, तर पाहणाऱ्याला काही कळत नाही, आणि यांचा फरकाचा आकडा मात्र उसळतो. उलट फुप्फुसातली मिरीएवढी गाठ पुसून टाकली, तर लाखो बिंदूंच्या सरासरीत तिचा पत्ताही लागत नाही. रुग्णाचा प्रश्न नेमका त्या मिरीचा असतो.

तेव्हा आधी विचारावं, ही प्रतिमा कशासाठी काढली? तिच्या बळावर बघणाऱ्याला जे ओळखायचंय ते किती वेळा बरोबर ओळखता येतं, हीच तिची प्रत. दुसऱ्या महायुद्धात रडारवाल्यांपुढे हाच पेच होता: पडद्यावरचा ठिपका विमान की नुसता गोंगाट? प्रत्येक ठिपक्याला विमान म्हणणारा एकही विमान चुकवत नाही, पण तो कुचकामी. म्हणून खऱ्या शोधांसमोर खोट्या हाकाट्या मांडून पाहणारा आरओसी आलेख पुढे आला. ली लस्टेड यांनी ही विचारपद्धत क्ष-किरणांच्या वाचनात आणली.

त्याआधी, १९४८ साली, अल्बर्ट रोझ यांनी दृष्टीचाच हिशेब मांडला होता. एखादी खूण खात्रीने ओळखायची तर संकेत गोंगाटाच्या सुमारे पाचपट हवा. क्ष-किरण टपोऱ्या पावसासारखे थेंबाथेंबाने पडतात. एका जागी सरासरी १०० कण येत असतील तर त्यात १०चा चढउतार ठरलेलाच, म्हणजे १० टक्के. तो १ टक्क्यावर आणायचा तर १०,००० कण हवेत. शंभरपट किरणोत्सर्ग, तोही रुग्णाच्या अंगावर. सॉफ्टवेअर रवाळपणा घालवून प्रतिमा देखणी करतं, आणि कधी वाचायला सोपीही करत असेल. पण पोत्यात नव्हतं ते धान्य बारीक दळून पिठात उतरत नाही.

आक्षेप येतो, असं मोजायचं तर आजार आहे की नाही हे आधीच पक्कं ठाऊक असलेल्या प्रतिमा हव्यात, त्या वाचायला डॉक्टर हवेत आणि वेळ हवा. खरं आहे, हे काम खर्चिक आहे. पण प्रत्येक वेळी डॉक्टरच बसवावे लागत नाहीत. ज्यात किती आकाराची गाठ कुठे आहे हे माहीत आहे असा कृत्रिम पुतळा, म्हणजे फँटम, यंत्रात ठेवता येतो, आणि वाचनाचं काम संगणकातल्या गणिती निरीक्षकाकडे देता येतं.

निविदेतली ‘उच्च दर्जाची प्रतिमा’ ही ओळ तेवढी खोडा. तिथे लिहा: फँटममधली पाच मिलिमीटरची गाठ, ठरलेल्या डोसमध्ये, शंभरातून किती वेळा सापडते आणि नसताना किती वेळा ‘सापडते’, ते विक्रेत्याने आमच्यासमोर दाखवावं.