तिकीट, सामान आणि वाचता येणे

केनवडला रेल्वे नाही. रिसोड तालुक्यातल्या आमच्या गावाहून गाडी धरायची तर वाशीम गाठावे लागते. वाशीमच्या फलाटावर मी आजवर एक काम अनेकदा केले आहे. एखादी म्हातारी पदराच्या गाठीतून घडी घातलेले तिकीट काढते आणि पुढे करून विचारते, "भाऊ, पाय बरं, कोन्त्या गाडीचं हाय हे?" मी वाचून सांगतो आणि ती निश्चिंत होते. साहित्य शिकवणाऱ्याला वाचन म्हणजे आस्वाद असे वाटत असते. त्या बाईच्या लेखी वाचन म्हणजे योग्य डब्यात बसणे. ही दुसरी व्याख्या किती खरी आहे, हे मला परदेशातल्या आगगाडीत कळले.

मुलीकडे गेलो असताना युरोपातल्या एका शहराहून दुसऱ्या शहरी एकटाच निघालो होतो. यंत्रात पैसे भरून तिकीट घेतले. फलाटावर जाताना कुणी अडवले नाही, याचे कौतुकही वाटले. गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या एका लहानशा यंत्रात तिकीट घालून त्यावर वेळ उमटवून घ्यायची असते, हे तिकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेले होते. तपासनिसाने ते मला नम्रपणे दाखवले आणि तितक्याच नम्रपणे दंड घेतला. पैसे भरलेले, तिकीट हातात, आणि तरीही मी विनातिकीट!

'तिकडे माणसावर विश्वास टाकतात' हे आपल्याकडचे ठरलेले वाक्य आहे. मला ते आता पटत नाही. जर्मनीत फलाटाच्या तोंडाशी कुणी उभे नसते हे खरे. पण वैध तिकिटाविना सापडल्यास साधारणतः 60 युरो मोजावे लागतात. इटलीत प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट शिक्का न उमटवता वापरले तर ते असून नसल्यासारखेच. जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाडीत तिकीट वेगळे आणि जागेचे आरक्षण वेगळे असते. काही गाड्यांचे तर वाटेत दोन भाग होऊन ते दोन दिशांना जातात, म्हणजे गाडी बरोबर असूनही डबा चुकला तर गाव चुकते. याला मी विश्वास म्हणणार नाही. दाराशी उभ्या असलेल्या माणसाचे काम तिथे प्रवाशाच्या वाचनशक्तीवर सोपवलेले असते, इतकेच. ज्याला वाचता येते त्याला सोय आणि ज्याला येत नाही त्याला दंड.

सामानाचेही तसेच. आपली रेल्वे किलो मोजते: स्लीपरला 40, साध्या दुसऱ्या वर्गाला 35. लंडनहून पॅरिसला जाणारी युरोस्टार सेंटिमीटर मोजते: साधारण प्रवाशाला 85 सेंटिमीटरपर्यंतच्या दोन बॅगा. पण खरा नियम तिकडे अलिखित आहे: स्वतःला उचलेल तेवढेच आणावे. आपल्याकडे ओझे वाटून घेतले जाते. हमाल असतो, पोचवायला आलेला पुतण्या असतो, खिडकीतून पिशवी आत घेणारा अनोळखी प्रवासी असतो. हळद, तूरडाळ आणि कुरडयांनी भरलेली माझी बॅग परक्या स्थानकाच्या जिन्यापाशी टेकली, तेव्हा ज्याला आपण तिथले स्वावलंबन म्हणतो ते बरेचसे धडधाकट माणसाचे स्वावलंबन आहे, हे ध्यानात आले. अर्थात, एका मुलीने न विचारता बॅगेचे दुसरे टोक धरले, हेही सांगितले पाहिजे.

तरीही दंड भरताना एक गोष्ट जाणवली. त्या तपासनिसाने माझे तिकीट वाचले. मला वाचले नाही. हे थोडे नव्हे. 7 जून 1893 रोजी पीटरमॅरिट्झबर्ग स्थानकावर गांधींना गाडीतून उतरवले, तेव्हा पहिल्या वर्गाचे तिकीट त्यांच्याजवळ होते. त्यांचे सामान रेल्वेच्या ताब्यात गेले. ओव्हरकोट त्या सामानात होता. तो मागितला तर पुन्हा अपमान होईल म्हणून ते रात्रभर कुडकुडत राहिले. आणि आपल्या घरची गोष्ट? 1901 साली भाऊ आणि भाचे यांच्यासह वडिलांकडे निघालेला बाल भीमराव आंबेडकर साताऱ्याहून मसूरला उतरला. मुलांचे कपडे नीटनेटके होते. स्टेशनमास्तरने तिकिटे मागितली, ती मुलांनी दिली. मग मुले कोण, हे विचारले गेले आणि 'महार' हा शब्द ऐकताच त्याचा नूर पालटला. एकही गाडीवान न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी गाडी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधला हा प्रसंग परदेशातला नाही. पण त्या मुलांना स्वतःचाच मुलूख परका ठरला. तिकीट खरे असून भागत नाही, हे या दोन्ही ठिकाणी दिसते. आजही सरहद्दीजवळच्या गाडीत पारपत्र आधी कुणाला मागितले जाते, हे तिथल्या स्थलांतरितांना विचारून पाहावे.

माझी तक्रार आहे ती आपल्या प्रवासवर्णनांबद्दल. तिकीट आणि सामान यांच्यापाशी ती बहुधा एखादा विनोद करतात आणि चर्चकडे, संग्रहालयाकडे वळतात. पंडिता रमाबाईंनी 1889 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकाला 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' असे नाव दिले. त्यात लोकस्थिती आधी आहे आणि प्रवास नंतर. तो क्रम आपण पुढे फारसा पाळला नाही असे मला वाटते. परका समाज प्रवाशाला कसा वाचतो आणि प्रवाशाला तो समाज कितपत वाचता येतो, हे कळण्याची जागा संग्रहालयात नसून तिकीटखिडकीपाशी आणि जिन्याच्या पायथ्याशी असते.

म्हणून वर्गात प्रवासवर्णन शिकवताना मी आता सौंदर्यस्थळांच्या आधी एक साधा प्रश्न घालतो: लेखकाचे सामान कोणी उचलले? बहुतेक पुस्तकांत त्याचे उत्तर सापडत नाही. मुले ते शोधू लागली की तास चांगला होतो.