दुखत नाही, म्हणूनच

दुखणं अंगावर काढणाऱ्या बाईचं आपल्याकडे कौतुक होतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र अंगावर काढण्याजोगं काही जाणवतं, तेच मुळी उशिरा: पाळी गेल्यावर पुन्हा लाल जाणं, संबंधानंतर रक्त दिसणं, वास येणारा स्राव. त्याआधीची 10-15 वर्षं हा आजार गुपचूप घडत असतो. मला आज त्या वर्षांबद्दल बोलायचं आहे.

सुरुवात एचपीव्ही या विषाणूपासून होते. शरीरसंबंधातून तो कधी ना कधी बहुतेकींना गाठतो. त्यावरून कुणाचं चारित्र्य ठरत नाही. बहुतेकींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला परतवतं. काहींच्या शरीरात तो ठाण मांडतो आणि पेशींच्या वाढीला आवर घालणारी प्रथिनं निकामी करतो. पेशी बदलू लागतात, पण आपला थर सोडत नाहीत. ही कर्करोगाची पूर्वावस्था. तेवढा भाग गोठवून किंवा उष्णतेने नष्ट केला, की बाई त्याच दिवशी घरी जाते.

पेशींनी थर ओलांडला, की तो कर्करोग. मग तुकडा तपासून प्रकार ठरतो आणि पसरण्यावरून टप्पा. पहिल्या टप्प्यात तो गर्भाशयमुखापुरताच असतो. चौथ्यात मूत्राशय, गुदाशय किंवा फुप्फुसापर्यंत पोचतो. लवकर सापडला तर बहुधा शस्त्रक्रियेवर भागतं. पुढे गेला की किरणोपचार, जोडीला केमो, आणि घरदार सोडून शहरात काढलेले आठवडे.

वेळेवर शोधल्याने काय होतं, हे आपल्याच मातीत सिद्ध झालं आहे. 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सुमारे 1,31,000 निरोगी बायकांचा अभ्यास झाला. मुंबईचं टाटा रुग्णालय आणि बार्शीचं कर्करोग रुग्णालय त्यात होतं. 2009 साली निष्कर्ष आले: ज्या गटाला एकदाच एचपीव्ही चाचणी मिळाली, तिथे या कर्करोगाचे मृत्यू चाचणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. फक्त एका चाचणीने!

मुलींना 9 ते 14 या वयात लस आणि बायकांची 35 आणि 45 व्या वर्षापर्यंत एकेकदा चाचणी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण काही होत नसताना बाई आपणहून दवाखान्याची पायरी चढणार नाही. तशी मुभाच आपण तिला दिलेली नाही. म्हणून हे मी नवऱ्यांना आणि मुलांना सांगते आहे. ‘कुठे दुखतंय का?’ एवढं विचारून थांबू नका. दुखत नाही, म्हणूनच तिला घेऊन जा.