पैसा वेस ओलांडतो, संदेश का नाही?

काटोलच्या बाजारात संत्री विकणारा बागायतदार एक ॲप वापरतो, व्यापारी दुसरे. तरीही पैसे क्षणार्धात पोचतात. २०१६ साली यूपीआय आले तेव्हा त्यात सामील होणाऱ्या बँकांना एकच नियमावली स्वीकारावी लागली. मात्र त्याच बागायतदारांना गट करून भावाविषयी विचारविनिमय करावयाचा झाल्यास सर्वांना एकाच कंपनीच्या छपराखाली यावे लागते. छप्पर तिचे, कुलूपही तिचेच.

या कुलपाचा अनुभव शेतकऱ्यांना आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये आंदोलन ऐन भरात असताना सरकारच्या सांगण्यावरून ट्विटरने ‘किसान एकता मोर्चा’सह अनेक खाती भारतात रोखली होती. मालक देशी असला म्हणजे भागते, असेही नव्हे. ‘कू’ २०२४ साली बंद पडले आणि तेथे जमलेला गोतावळा तेथेच विखुरला.

यावर विकेंद्रित नियमावल्यांचा उपाय सुचवला जातो. मॅस्टोडॉन ज्यावर चालते ती ‘ॲक्टिव्हिटीपब’ नियमावली २०१८ पासून अधिकृत मानक आहे. तीत कोणतीही संस्था स्वतःचा सर्व्हर चालवू शकते, आणि एका सर्व्हरवरचा सभासद दुसऱ्यावरच्याचे लेखन वाचू शकतो, टपालखात्यासारखेच. मात्र बिऱ्हाड हलवताना अनुयायी सोबत येतात, जुने लेखन मागे राहते. ब्लूस्कायच्या ‘एटी प्रोटोकॉल’ने नाव आणि लेखन दोन्ही सोबत नेण्याची सोय केली. परंतु साऱ्या जगाचे लेखन गोळा करून पुरवण्याची यंत्रणा इतकी खर्चिक आहे की बहुतेक लोक प्रत्यक्षात एकाच कंपनीवर विसंबून आहेत. नियम विकेंद्रित, भांडवल केंद्रित! शिवाय या दोन नियमावल्यांना एकमेकींची भाषा कळत नाही. ‘ब्रिजी फेड’सारखा दुभाषी मध्ये घ्यावा लागतो. मेटाच्या थ्रेड्सने ॲक्टिव्हिटीपबचे दार अर्धवट उघडले आहे. ते उघडे ठेवणे सर्वस्वी मालकाच्या मर्जीवर आहे.

मर्जीच्या जागी कायदा आणण्याचे पाऊल युरोपने उचलले. तेथील २०२२ च्या डिजिटल बाजार कायद्यानुसार व्हॉट्सॲपला अन्य संदेशसेवांची मागणी आल्यास त्यांच्याशी जोडून घेणे बंधनकारक आहे. भारतात असे बंधन नाही. पैशाबाबत जे जमले ते संदेशाबाबत का जमू नये, हा प्रश्न संसदेत विचारला गेला पाहिजे. अर्थात यूपीआयवरही फोनपे आणि गूगल पे या दोघांचेच वर्चस्व आहे. पण तेथे ग्राहकाला व्यवहार न तोडता ॲप सोडता येते, आणि हा फरक लहान नाही.

कायदा होईपर्यंत संघटनांनी स्वतःचे सर्व्हर उभारावेत, ही सूचना योग्यच. मात्र त्यांची देखभाल आणि शिवीगाळ आवरण्याचे काम कोण करणार, वर्गणी कोठून येणार, हे जिल्हा समित्यांनी आधी ठरवावे. केवळ उत्साहावर सुरू झालेले असे सर्व्हर अन्यत्र बंदही पडले आहेत.