रक्ताच्या थेंबावरून रंगरूप. पण संशय कुणाच्या दारात?

मेढा : घटनास्थळी सापडलेल्या रक्तावरून माणसाच्या डोळ्यांचा, केसांचा, कातडीचा रंग काय असेल, याचा अंदाज आता प्रयोगशाळेत बांधता येतो. आजवर डीएनए तपासणी म्हणजे जुळवणी. संशयिताचा नमुना घ्यायचा आणि घटनास्थळच्या नमुन्याशी ताडून बघायचा. नवं तंत्र मात्र संशयित हाती नसतानाच ‘असा दिसणारा माणूस शोधा’ म्हणून सांगतं.

युरोपात डोळे निळे की तपकिरी, एवढं कळलं तरी शोध सोपा होतो. जावळी तालुक्यात काय होणार? इथं बहुतेकांचे केस काळे, डोळे काळे-तपकिरी. उरतो फक्त कातडीचा रंग. कॅनडातल्या एडमंटन पोलिसांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये डीएनएवरून तयार केलेलं संशयिताचं चित्र प्रसिद्ध केलं. यामुळं सगळेच कृष्णवर्णीय तरुण संशयात येतील, अशी टीका झाली आणि दोन दिवसांत ते काढून टाकावं लागलं.

आपल्याकडं हे दुखणं जुनं आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि माणूस जन्मावरूनच चोर ठरला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायचं, ही सवय काही सुटलेली नाही. उद्या अहवालात ‘सावळा रंग’ एवढंच आलं, तर त्याच सवयीवर विज्ञानाचा शिक्का बसेल.

मग कायदा काय म्हणतो? २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानं अटकेतल्या माणसाचे रक्तासारखे जैविक नमुने घेता येतात. नोंद ७५ वर्षं राहते. आधी शिक्षा झालेली नसेल आणि माणूस शेवटी निर्दोष सुटला, तर न्यायालयाचा वेगळा आदेश नसल्यास ती नष्ट करायची आहे. गुन्हा सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा असेल आणि महिला किंवा बालकाविरुद्धचा नसेल, तर जैविक नमुना द्यायला नकार देता येतो. हे गावागावांत माहीत असायला हवं.

पण नमुन्यातून रंगरूप काढावं का, यावर हा कायदा गप्प आहे. डीएनए नियमन विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, २०२३ मध्ये मागं घेतलं गेलं. जर्मनीनं २०१९ मध्येच कायद्यानं हद्द आखली : डोळे, केस, कातडीचा रंग आणि वय चालेल, वंश नाही.

खुनाचा, अत्याचाराचा तपास लवकर लागावा, हे सगळ्यांनाच हवं आहे. पण डीएनए एकट्याचा नसतो, त्यात अख्खी भावकी असते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्येच सांगितलंय. तेव्हा यंत्र येण्याआधी नियम यावा. नाहीतर गुन्हेगार सापडेपर्यंत त्याच्या रंगाची सगळी वस्ती ठाण्याच्या पायऱ्या झिजवत बसेल.