वर्गात आलेला इग्वाना आणि घाबरलेले बाबा



सातवीच्या वर्गाला ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध लिहायला दिला होता. या विषयावर काय येणार हे आपल्या सगळ्यांना पाठ असतं. चाळीस वह्यांत पंचवीस कुत्री, दहा मांजरी, तीन गायी आणि एखादा वाघ, जो कुणीच पाहिलेला नसतो. या वेळी गठ्ठ्यातल्या चाळिसाव्या वहीची सुरुवात अशी होती : ‘माझ्या आवडत्या प्राण्याचे नाव रॉकी आहे. तो आमच्या बाल्कनीत राहतो. शेपटीसकट मोजला तर तो माझ्याएवढा भरतो.’

रॉकी म्हणजे हिरवा इग्वाना. मला आधी वाटलं पोरानं मोबाईलवर पाहून लिहिलंय. पण पुढचं वाचल्यावर खात्री पटली. तो मेथी खातो पण देठ टाकतो, जास्वंदीचं फूल दिसलं की मान वर करतो, सकाळी ऊन अंगावर घेतल्याशिवाय खातच नाही, रागावला की शेपटीचा फटका मारतो. गाईडमधून उतरवलेल्या निबंधात असं काही सापडत नाही. मी चांगले गुण दिले आणि खाली लाल शाईनं एक ओळ लिहिली : ‘छान. रॉकीची नोंदणी केली आहे का?’

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याचे बाबा शाळेत हजर. चेहरा उतरलेला. “मॅडम, गुन्हा आहे का हो हा? तुम्ही कुणाला सांगितलंय का?” आणि मग जरा थांबून, “नसती भानगड नको. रविवारी टेकडीवर सोडूनच देतो त्याला.”

त्यांच्या या शेवटच्या वाक्यामुळे हा लेख लिहायला घेतला. त्याआधी कायदा काय आहे ते थोडक्यात सांगते, कारण मलाही तो वाचूनच कळला.

दुकानदारानं त्या बाबांना सांगितलं होतं, “साहेब, हा फॉरेनचा आहे. याला आपला कायदा लागत नाही.” गंमत म्हणजे काही वर्षांपूर्वीपर्यंत हे बऱ्याच अंशी खरं होतं. आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या अनुसूचींमध्ये मुख्यतः आपल्याच देशातले प्राणी होते. दक्षिण अमेरिकेतला इग्वाना किंवा पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन एकदा घरात आला की त्याला विचारणारं कुणी नव्हतं. बाहेरून आणताना सीमाशुल्कवाल्यांनी पकडलं तर पकडलं. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांमध्ये सरडे, साप, कासवं सापडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. जे सापडले नाहीत त्यांचं काय झालं असेल, याचा अंदाज आपणच करायचा.

जून २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं लोकांना सांगितलं की तुमच्याकडे असे परदेशी प्राणी असतील तर सहा महिन्यांत आपणहून जाहीर करा, कागदपत्रं मागणार नाही. ज्यांच्या कानावर हे गेलं त्यांनी जाहीर केलं. मग २०२२ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. सहा अनुसूचींच्या चार झाल्या आणि चौथी अनुसूची खास सायटीस करारातल्या प्राण्या-वनस्पतींसाठी ठेवली गेली. सायटीस म्हणजे धोक्यातल्या वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणारा १९७३ चा करार. भारत त्यात १९७६ साली सामील झाला. हिरवा इग्वाना आणि बॉल पायथन या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. म्हणजे व्यापार चालतो, पण परवानगीनं.

त्यानंतर २८ फेब्रुवारी २०२४ ला नियम आले. ज्यांच्याकडे चौथ्या अनुसूचीतला जिवंत प्राणी आहे त्यांनी सहा महिन्यांत केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करायचा. पुढे नव्यानं प्राणी घेतला तर तीस दिवसांत. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला, तरी कळवायचं. अर्ज राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो आणि प्राणी बेकायदा मार्गानं आलेला नाही याची खात्री झाली की नोंदणी होते.

सहा महिने ऑगस्ट २०२४ अखेर संपले. रॉकीच्या बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर वर्षभरापूर्वी मलाही नव्हतं. आमच्या शिक्षकखोलीत विचारलं तर विज्ञानाच्या सरांसकट एकालाही माहीत नव्हतं.

आता घोरपडीबद्दल, कारण वर्गात हा प्रश्न येतोच. “बाई, इग्वाना चालतो तर घोरपड का नाही?” प्रश्न अगदी बरोबर आहे. घोरपड आपली. तानाजी आणि यशवंती घोरपडीची दंतकथा चौथीपासून प्रत्येक मुलाला माहीत आहे. (घोरपडीच्या कमरेला दोर बांधून माणूस कडा चढतो का, हा वेगळा प्रश्न, वर्गात तो विचारून पाहा, चांगली चर्चा होते.) पण हीच घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. ती पाळणं, पकडणं, मारणं, तिचा कुठलाही अवयव बाळगणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा किमान तीन वर्षांची. नोंदणी करून पाळू, ही सोयच नाही. तेल, मांस, कातडं यांसाठी तिला मारलं जातं, आणि ‘हत्ताजोडी’ नावाची जी मुळी म्हणून हजारो रुपयांना विकतात ती बऱ्याचदा नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. देवघरात ठेवणाऱ्याला याची कल्पनाही नसते. आपली दिमडी आणि गोव्याचं घुमट पूर्वी घोरपडीच्या कातड्यानं मढवत. गोव्यात आता घुमटाला बकऱ्याचं कातडं लावतात, २०१९ मध्ये त्याला वारसा वाद्याचा दर्जाही मिळाला. आरती तशीच रंगते.

तर मुलांना मी असं सांगते : घोरपडीचं घर इथंच आहे, तिला आपल्या घराची गरज नाही. इग्वानाचं घर हजारो मैल लांब आहे, तो इथं आलाय तो माणसानं आणला म्हणून. म्हणून एकीच्या बाबतीत कायदा म्हणतो ‘हात लावू नका’ आणि दुसऱ्याच्या बाबतीत म्हणतो ‘आणलाच आहे तर नाव लिहा’.

हे पोरांना पटतं. मला मात्र यातली दुसरी बाजू पुरती पटलेली नाही.

आपला कायदा विचारतो की प्राणी कुठून आणला. तो कसा ठेवलाय हे प्राणी पाळणाऱ्या घराला कुणी विचारत नाही. हिरवा इग्वाना विकतात तेव्हा तळहातावर मावेल एवढा असतो. तीन-चार वर्षांत शेपटीसकट दीड मीटरच्या घरात जातो आणि नीट सांभाळला तर पंधरा वर्षं जगू शकतो. त्याला झाडावर चढायला जागा हवी, अंग शेकायला तीस-पस्तीस अंशांची उष्णता हवी आणि थेट ऊन किंवा तसा खास दिवा हवा. काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, कारण त्यातली गरजेची अतिनील किरणं काच अडवते. ती नाही मिळाली की हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो, पाय सुजतात. फिशटँकमध्ये ठेवलेल्या इग्वानाचं हेच होतं, आणि नोंदणीचा कागद मात्र व्यवस्थित असू शकतो! प्राण्यांना क्रूरतेनं वागवू नये म्हणून १९६० चा वेगळा कायदा आहे, पण त्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. एवढ्यात आज मेथीची जुडी येते.

बरं, आपली महानगरपालिका कुत्र्याचा परवाना मागते. दीड मीटरच्या सरड्याबद्दल ती गप्प. सोसायटीत भांडणं होतात ती कुत्र्या-मांजरांवरून. इतर ठिकाणी हे स्थानिक पातळीवर ठरतं. न्यूयॉर्क शहरात इग्वाना घरात पाळायला आरोग्य खात्याच्या नियमांनुसार बंदी आहे. हवाई बेटांवर सापसुद्धा पाळता येत नाही. फ्लोरिडाला शहाणपण उशिरा आलं. तिथं पाळून सोडलेले, सुटलेले इग्वाना इतके वाढले की त्यांनी कालव्यांचे बांध पोखरले, बागा खाल्ल्या, आणि थंडीची लाट आली की ते गारठून झाडांवरून टपाटप खाली पडतात. शेवटी २०२१ मध्ये राज्यानं ते पाळण्यावरच बंदी घातली.

पण फ्लोरिडानं एक गोष्ट त्याआधीच केली होती आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. ज्याला असा प्राणी सांभाळणं जमत नाही त्यानं तो आणून द्यावा, कागद नसले तरी दंड नाही, प्रश्न नाहीत. नंतर तो पात्र माणसाकडे सोपवला जातो. हवाईतही अशी सोय आहे. तिथल्या लोकांना कळलं होतं की घाबरलेला मालक पोलिसांकडे जात नाही, तो रात्री गाडी काढून कालव्यावर जातो.

रॉकीचे बाबा टेकडीवर जाणार होते. आपल्याकडच्या टेकडीवर सोडलेला इग्वाना बहुधा कुत्र्यांच्या तोंडी पडून किंवा पहिल्या थंडीत मरेल. आणि मेला नाही, त्याला जोडीदार मिळाला, तर ते अधिक वाईट. लाल कानाचं कासव आठवा. मत्स्यालयाच्या दुकानात नाण्याएवढं मिळतं, ‘घरात लक्ष्मी येते’ म्हणून घेतात, ताटाएवढं झालं की देवळाच्या तळ्यात सोडतात. पुण्य मिळतं म्हणे! जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्या तळ्यातल्या देशी कासवांचं अन्न आणि उन्हाला बसायची जागा ते घेतं. २०२२ च्या दुरुस्तीनं अशा परक्या जातींवर बंधनं घालायचा अधिकार केंद्राला दिला आहे. तो या कासवापासूनच वापरायला सुरुवात करावी, असं मला वाटतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. सहा महिन्यांची मुदत ठेवून दार लावून घेणं चुकीचं आहे. प्रत्येक जिल्ह्यात वनविभागानं वर्षातून दोनदा तरी ‘आणून द्या, गुन्हा दाखल होणार नाही’ असे दिवस ठेवावेत आणि ते शाळांमार्फत जाहीर करावेत. आपण पल्स पोलिओचा निरोप घरोघर पोचवतो, हाही पोचवू. यावर कुणी म्हणेल, अशानं तस्करांचं फावेल. एका माणसानं वीस पिल्लं आणून दिली तर जरूर चौकशी करा. बाल्कनीत एक इग्वाना असलेला बाप तस्कर नसतो.

पालकांना दोन गोष्टी सांगते. पहिली, मुलाच्या हट्टापायी असा प्राणी घेऊ नका. सातवीतल्या मुलासाठी आणलेला इग्वाना त्याचं कॉलेज संपलं, नोकरी लागली, तरी तुमच्याच बाल्कनीत असेल. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर नकोच, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असतात आणि लहान मुलांना त्याचा त्रास जास्त होतो. दुसरी, घेतलाच असेल तर पावती जपून ठेवा आणि तीस दिवसांत अर्ज करा. मुदत उलटून गेली असेल तरी लपवू नका, आणि काही झालं तरी बाहेर सोडू नका. वनविभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे, तिथं विचारा.

रॉकीच्या बाबांना मी टेकडीवर जाऊ दिलं नाही. म्हणजे मी कोण अडवणार, पण त्यांनी ऐकलं. दुकानदाराची चिठ्ठीवजा पावती कपाटात सापडली. आम्ही दोघांनी बसून वनविभागाला पत्र लिहिलं : केव्हा घेतला, कुठून घेतला, नियम माहीत नव्हते, नोंदणी करून घ्यावी किंवा काय करायचं ते सांगावं. पोरानं हट्टानं आपला निबंधही सोबत जोडला, ‘त्याला काय खायला द्यायचं ते त्यांना कळायला पाहिजे’ म्हणून. पत्राची पोच मिळाली आहे, उत्तर अजून आलेलं नाही. बाबा दर आठवड्याला फोन करून विचारतात, “मॅडम, काही कळलं का?” रॉकी अजून बाल्कनीतच आहे आणि आमच्या शाळेच्या कुंपणावरची जास्वंदीची फुलं रोज सकाळी कमी होतायत.