दिसला का?

ताडोब्याहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे एकच प्रश्न विचारतात, "दिसला का?" कर्ता गाळलेला, कारण कर्ता सगळ्यांना ठाऊक असतो. शेजारी विचारतात, दूधवाला विचारतो, बँकेत तर शिपायापासून मॅनेजरसाहेबांपर्यंत सगळे विचारतात. 'नाही' म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा होतो, जणू आपल्या घरी ठरलेलं लग्न मोडलंय. मग सांत्वन सुरू, "पुढच्या वेळी दिसेल हो!" आणि लगेच त्यांच्या साडूला एकाच फेरीत चार कसे दिसले याची हकिगत. साडूंना नेहमी चारच दिसतात.

माझं भांडण या प्रश्नाशी आहे. मला स्वतःला वाघ दिसला की नाही, हे मी इथे मुळीच सांगणार नाही. 'दिसला' म्हटलं तर तुम्ही म्हणाल, याचं बोलायला काय जातंय. 'नाही' म्हटलं तर म्हणाल, कोल्ह्याला द्राक्षं आंबट.

आता बघा. ताडोबा हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. अंधारी अभयारण्यासह आज जो व्याघ्र प्रकल्प आहे त्याचा पसारा कोअर आणि बफर मिळून १,७०० चौरस किलोमीटरच्या वर. त्यात साग आहे, बांबू आहे, मगरीच्या पाठीसारखी साल असलेला ऐन आहे, भुतासारखा पांढरा उभा असलेला कहांडोळ आहे. तळ्यात तर खऱ्याच मगरी आहेत. गवे आहेत, अस्वलं आहेत, रानकुत्रे आहेत. आणि जिप्सीतली सहा माणसं काय म्हणतात? "हरीणच आहे, चला पुढे!" चितळाची किंमत आपण चिल्लरीइतकी करून ठेवलीय. कुणी मोजायलासुद्धा तयार नाही.

मी बी. कॉम. आहे, तेव्हा हिशेबाच्या भाषेत सांगतो. जंगल हे मुद्दल आणि वाघ हे व्याज. गवत, पाणी आणि झाडोरा असेल तर चितळ-सांबर. चितळ-सांबर असतील तर वाघ. २००६ च्या गणनेत देशात १,४११ वाघ होते, २०२२ च्या गणनेत अंदाज ३,६८२ वर गेला. त्यातले ४४४ महाराष्ट्रात. मुद्दल राखलं म्हणून हे व्याज चढलं. पण आमच्या काउंटरवरचा अनुभव असा की व्याज किती जमा झालं, हे विचारायला लोक रोज येतात. मुद्दल सुरक्षित आहे का, हे विचारायला कोणी येत नाही. येतात तेव्हा बँक बुडालेली असते.

कुणी म्हणेल, "अहो, पण पैसे मोजलेत आम्ही!" मोजलेत ना, पण कशाचे? जंगलात शिरायचे. लॉकरचं भाडं भरलं म्हणून आत दागिने काही बँक ठेवत नाही. शिवाय कोअरचा जास्तीत जास्त २० टक्के भागच पर्यटनाला खुला ठेवावा, असे २०१२ चे राष्ट्रीय निर्देश आहेत. म्हणजे वाघानं उरलेल्या ८० टक्क्यांत आराम करायचं ठरवलं, तर त्याच्याकडे खुलासा मागायचा आपल्याला काय अधिकार?

खरी गोम पुढेच आहे. वाघ दिसला की गाइडच्या हातात पाचशेची नोट, नाही दिसला की नुसतं 'थँक यू'. याला आमच्या भाषेत कमिशन म्हणतात, आणि कमिशन आलं की धावपळ आली. सांबरानं कुठे इशारा दिला की सगळ्या जिप्सी त्या दिशेला. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट गाड्यांनी अशीच अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइड निलंबित झाले. ठीकच झालं. पण "भाऊ, अजून थोडी पुढे घ्या ना" असं मागच्या सीटवरून म्हणणारे असतात, त्यांना निलंबित कशातून करायचं?

"पर्यटन आहे म्हणून तर वाघ जगतोय," असंही सुशिक्षित लोक सांगतात. मला हे मान्य आहे. मोहर्ली, कोलारा या बाजूच्या कितीतरी घरांची चूल जिप्सीवर पेटते, आणि जिवंत वाघ मेलेल्या वाघापेक्षा किफायतशीर आहे हे गावाला पटतं. पण म्हणूनच त्यांची कमाई वाघाच्या लहरीवर टांगू नये. गिऱ्हाईक हसत बाहेर गेलं तरच पगार, असा नियम आमच्या शाखेत असता तर आम्ही सगळे उपाशी मेलो असतो.

आणि एक गोष्ट आपण शहरातली मंडळी सोयीस्करपणे विसरतो. वाघ दिसू नये म्हणून देवाला हात जोडणारी माणसंही याच जिल्ह्यात राहतात. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ऐन उन्हाळ्यात, जेव्हा आपण "आता पाण्यावर हमखास येतो" म्हणून बुकिंग करतो, त्याच दिवसांत चार पैशांसाठी त्यांना जंगलात वाकून पानं तोडावी लागतात. त्या गावांतही "दिसला का?" असं विचारतात. आवाज तेवढा वेगळा असतो. वाघ राखण्याचा खर्च त्यांच्या नावे पडतो आणि फोटो आपल्या नावे जमा होतो. असा ताळेबंद कुठल्याही ऑडिटरनं पास केला नसता.

तेव्हा माझ्या मागण्या दोनच आहेत, आणि त्यांना सरकारी मंजुरी लागत नाही. कुणी जंगलातून आलं तर विचारा, "काय काय पाहिलंत?" माणूस आधी गोंधळेल, मग हळूहळू आठवून सांगू लागेल. आणि तुम्ही गेलात तर गाइडला काय द्यायचं ते गेटवर शिरतानाच ठरवा, आणि वाघ असो-नसो, तेवढं द्या. मुद्दल सांभाळणाऱ्याला त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे. हे आमच्या बँकेलाही तत्त्वतः मान्य आहे. घोडं अडतं ते फक्त दरावर.